प्रार्थना येईना तेव्हा

मध्यंतरी भोसरीहून एका बाईंचा फोन आला. कोणीतरी त्यांना माझा नंबर दिला होता. त्यांच्या नवऱ्याला माझ्यासारखाच जीबीएस, नसांचा आजार, झाला होता आणि तो व्हेंटिलेटरवर होता. ओळखपाळख न करता त्या म्हणाल्या, "मला एकच विचारायचंय. ते आत जागे असतात का?"

मी म्हणालो, "असतात. सगळं ऐकू येतं. हात लावलेला कळतो. तुम्ही बोलत राहा."

पलीकडे त्या रडायला लागल्या. मी फोन धरून राहिलो. ठेवल्यावर वाटलं, हे कोणीतरी माझ्या बायकोला वेळेवर सांगायला हवं होतं. म्हणून हे लिहायला बसलो.

आमच्या मंडळीला, म्हणजे चर्चला, माझ्याकडून साक्ष हवी होती. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं. तिला एक ठरलेला आकार असतो. संकट आलं, प्रार्थना केली, देवानं सोडवलं. माझ्या बाबतीत ते त्या क्रमानं झालं नाही. जे झालं ते सांगतो. कोणाला उपयोग झाला तर बरं.

पाय

मी सुधीर साळवे. राहतो थेरगावात, डांगे चौकाच्या मागच्या अंगाला, दुसऱ्या मजल्यावर. चाकणला गिअरचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. बायको सुमन बालवाडीत शिकवते. मुलगी रूथ तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती.

आधी पोट बिघडलं. थोडा ताप, जुलाब. बाहेरचं खाल्लं असेल म्हणून गोळी घेऊन शिफ्टला गेलो. पुढच्या आठवड्यात पायाच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मी सेफ्टी शूजवर खापर फोडलं. मग एक दिवस कंपनीच्या बसमधून उतरताना गुडघा दुमडला आणि मी सरळ रस्त्यावर बसलो.

"काय राव साळवे, सकाळी सकाळीच?" मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

त्या संध्याकाळी जिना चढताना कठडा दोन्ही हातांनी धरून स्वतःला वर ओढलं. सुमन मागे होती. तिनं माझ्या पाठीला हात लावून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप ओठापर्यंत गेलाच नाही. मांडीवर सांडला.

त्याआधीचा मी

मी कसा ख्रिस्ती होतो, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले. वडील गावच्या मंडळीचे पंच होते, मी निगडीच्या आमच्या मंडळीचा पंच झालो. पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या पाद्र्यांच्या, हाताखाली कारभार बघायचा, प्रभुभोजनाची तयारी करायची, भांडणं मिटवायची. आणि रविवारी सर्वांसाठी मोठी प्रार्थना करायची. ती माझी खासियत. लोक म्हणायचे, प्रार्थना ऐकावी तर साळव्यांची. आजारी, विधवा, परीक्षेला बसलेली मुलं, देशाचे पुढारी, सगळ्यांना तिच्यात जागा होती. वाक्यं एकामागून एक येत राहायची. तोंड प्रार्थना करत असायचं आणि डोक्यात सोमवारच्या ऑडिटची तयारी चाललेली असायची.

यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. दारू नाही, लफडी नाहीत, पगाराचा दशांश मंडळीला वेळेवर. देवाशी माझं भांडण नव्हतं. खरं सांगायचं तर बोलणंही नव्हतं. शेजारच्या इमारतीतल्या एखाद्या भल्या माणसाला आपण येता-जाता सलाम करतो ना, तेवढी आमची ओळख.

सुमन कधीच मोठ्यानं प्रार्थना करायची नाही. महिला मंडळात तिची पाळी आली की शेजारणीला पुढे करायची. मी मनात म्हणायचो, बिचारी, विश्वासात जरा कच्ची आहे.

निदान

चिंचवडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी छोट्या हातोडीनं माझ्या गुडघ्यावर टिचकी मारली. गुडघा हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही नाही. त्यांनी पुन्हा एकदा मारून बघितली, मग हातोडी खिशात ठेवली. ती ठेवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

पाठीतून पाणी काढून तपासलं. संध्याकाळी डॉक्टर खुर्ची ओढून बसले. आपलंच शरीर चुकून आपल्या नसांवर उलटतं, असा हा आजार, जीबीएस, म्हणाले. इंजेक्शनं सुरू केली आहेत. पण पायातला लुळेपणा अजून वर चढेल.

"वर म्हणजे कुठं?" सुमननं विचारलं.

डॉक्टरांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"बरा होईन ना?" मी विचारलं.

"बहुतेक जण होतात. पण वेळ लागतो. आणि मधला काळ वाईट असतो."

मला त्यांचं सरळ बोलणं आवडलं होतं. तेवढं सरळ नंतर कोणी बोललं नाही.

मग एक तपासणी सुरू झाली. सिस्टर यायच्या आणि म्हणायच्या, एका श्वासात जमतील तेवढे आकडे म्हणा. मी म्हणायचो. दर वेळी आधीपेक्षा लवकर दम संपायचा. रूथ पायाशी उभी राहून ऐकायची. ती ओठ न हलवता माझ्याबरोबर मोजत होती, हे मला तिच्या गळ्याकडे बघून कळायचं. मी थांबलो की तिचा गळाही थांबायचा.

घशात नळी घालायची ठरली, तेव्हा सुमनला आत बोलावलं. काय बोलायचं असेल ते बोलून घ्या, असं कोणी म्हणालं नाही, पण सगळे जरा मागे सरकले. मंडळीत पाऊण तास प्रार्थना करणारा मी. सुमनला म्हणालो, "गॅस बुक कर." पुढे कितीतरी दिवस तेच माझं शेवटचं वाक्य होतं.

आतला माणूस

पुढचं फार लांबवत नाही. ज्यांचं माणूस तिथं आहे त्यांना एवढंच कळलं तरी पुरे, की बाहेरून जे झोपलेलं दिसतं ते झोपलेलं नसतं.

हात, पाय, मान, चेहरा, सगळं गेलं. पापण्या जेमतेम हलायच्या. डोळे पूर्ण मिटेनात, कोरडे पडून आग व्हायची. एक केरळी सिस्टर होत्या, त्या आपणहून ओला कापूस डोळ्यांवर ठेवायच्या आणि आपल्या मराठीत सांगायच्या, "आज मंगळवार आहे अंकल, बाहेर ऊन आहे." मंगळवार आहे हे कळणं किती मोठी गोष्ट असते, ते तिथं पडल्याशिवाय समजायचं नाही. बाकी वेळ छत. घशातला कफ मशीननं ओढायचे, तेव्हा बुडतोय असं वाटायचं, आणि ओरडायला आवाज नव्हता. कुशीवर वळवायचे तेव्हा अंगातून कळ जायची. कपाळावर माशी बसली तर ती उडेपर्यंत तिच्याकडे लक्ष देत पडायचं.

एकदा सुमनचा भाऊ भेटायला आला. तो पलंगाशेजारी उभा राहून हळू आवाजात म्हणाला, "ताई, वेळ आलीच तर गावाला न्यायचं का इथंच पुरायचं? आधी ठरवलेलं बरं. इथल्या दफनभूमीत जागा बघायला लागते."

"अरे, ते ऐकतायत."

"अगं, त्यांना काय—"

"ते ऐकतायत. तू बाहेर जा."

तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं ते ओळखलं होतं. पण खात्री नव्हती, असं ती मला पुढे म्हणाली. रोज घरी जाताना बसमध्ये तिला वाटायचं, आपण रिकाम्या खोलीशी बोलून आलो.

मी प्रार्थना करायला घेतली. दुसरं करण्यासारखं होतं काय? हे दयाळू स्वर्गीय पित्या, आज पुन्हा एकदा आम्ही तुझ्या चरणाशी, असं सुरू झालं, आणि मग सवयीनं गाडी पुढे निघाली. आजारी. विधवा. परीक्षेला बसलेली मुलं. देशाच्या पुढाऱ्यांना सद्बुद्धी. घशात नळी घालून मी पुढाऱ्यांसाठी प्रार्थना करत होतो. शेवटी आमेन आलं आणि सगळं गप्प झालं. पुन्हा सुरू केली. पुन्हा तीच वाक्यं, त्याच क्रमानं. त्यांच्याशिवाय माझ्याकडे काहीच नव्हतं. ती बाजूला काढली तर पलीकडे कोणी नव्हतं.

मरणाची भीती होतीच. पण त्या दुपारी मला ज्यानं गाठलं ती मरणाची भीती नव्हती. मी आयुष्यभर कोणाशी बोलत होतो, हा तो प्रश्न होता. मी प्रार्थना थांबवली.

पाळकसाहेब

पाळकसाहेब निळा गाऊन घालून, तोंडाला मास्क लावून आले. ते भले गृहस्थ आहेत, त्यांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांनी एक स्तोत्र वाचलं आणि प्रार्थना केली. ती प्रार्थना मी शब्दाशब्दाला त्यांच्या आधी ओळखत होतो. मीच कितीदा अशा पलंगांशेजारी उभं राहून ती केली होती. "यातही देवाची काही योजना आहे," ते म्हणाले. हेही माझंच वाक्य. काळेवाडीतल्या एका आईला, तिचं बाळ गेल्यावर, मी हेच म्हणालो होतो आणि घड्याळ बघून निघालो होतो. त्या बाईनं माझ्याकडे कसं बघितलं होतं, ते मला छताकडे बघताना आठवलं.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पाळकसाहेबांना वाटलं मी भारावलो. रविवारी त्यांनी मंडळीत सांगितलं की साळवेबंधूंनी आनंदाश्रूंनी प्रार्थनेला साथ दिली.

सुमन

ती रोज भेटीच्या वेळेत यायची. पिशवीतून शास्त्र, म्हणजे बायबल, काढून थोडं वाचायची, हनुवटी पुसायची आणि जायची. एके दिवशी दुपारी आली आणि पुस्तक काढलंच नाही. खुर्ची ओढून बसली. मला ती डोळ्याच्या कोपऱ्यातून अर्धीच दिसत होती. मग बोलायला लागली. मला वाटलं माझ्याशी बोलते.

चिडली की सुमनची भाषा तिच्या माहेरच्या गावची होते.

"देवा, मला आता काय मागता येत न्हाई. मागून मागून तोंड दुखाया लागलं. तू हायेस का न्हाईस ते बी आज कळंना. पोरगी माझ्याशी बोलत न्हाई. म्हणती, आधी तुझ्या देवाला पप्पाला उठवाया सांग, मग माझ्याशी बोल. हे असे पडलेत. तुझा राग आलाय मला. लई राग आलाय." ती थांबली. नाक पुसलं. "उद्या येते परत."

उठली, माझी हनुवटी पुसली आणि गेली.

मी पडून राहिलो. माझ्या इतक्या वर्षांच्या प्रार्थनांत असं एकही वाक्य नव्हतं. मी देवाला कधी एकही खरी गोष्ट सांगितली नव्हती. जिला मी कच्ची समजत होतो ती त्याच्याशी नवऱ्याशी भांडावं तशी भांडत होती आणि वर उद्या परत येणार होती. तिला उत्तर मिळालं नव्हतं. तरी परत येणार होती.

मी मनात म्हणालो, भीती वाटते.

एवढंच. ना दयाळू, ना स्वर्गीय. कुठे उजेड पडला नाही, आवाज आला नाही. मशीन श्वास घेत होतं. पण ते दोन शब्द मी कोणालातरी सांगितले होते, स्वतःला नव्हे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच म्हणालो. तिसऱ्या दिवशी म्हणालो, आहेस का? त्याच्या पुढे मला बरेच दिवस जाता आलं नाही.

पुढे सुमननं एक युक्ती काढली. ती बाराखडी म्हणायची, हवं ते अक्षर आलं की मी पापणी पाडायची. पहिला शब्द जुळवायला आमची अख्खी भेटीची वेळ गेली. तो शब्द होता रूथ. ती दुसऱ्या दिवशी आली. दारातच उभी राहून रडली, मग जवळ येऊन मला म्हणाली, "पप्पा, मी प्रार्थना करणार नाही. पण बसते." मी पापणी पाडली.

बालाजी

गळ्याला भोक पाडून नळी तिथं बसवली. मग महिन्यांच्या हिशेबानं, फार हळू, शरीर परतायला लागलं. आधी खांदा, मग मनगट. मशीन सुटलं. भोक बुजलं. आवाज आला, पण घोगरा. मला वॉर्डात हलवलं.

शेजारच्या पलंगावर बालाजी होता. लातूरकडचा, तिशीतला, पुनावळ्यातल्या नव्या टॉवरांमध्ये फरश्या बसवणारा. त्यालाही हाच आजार, पण माझ्याइतका चढला नव्हता. पाय गेले होते, हात शाबूत. दिवसभर बोलायचा. उकिडवं बसता यायला पाहिजे, काका, एवढंच त्याचं म्हणणं. फरशीवाल्याला उकिडवं बसता आलं नाही तर संपलं. त्याची बायको अनिता टॉवरांमध्ये स्वयंपाकाची कामं करून दुपारी डबा घेऊन यायची. त्यांची लहान मुलगी गावाला आजीकडे होती. बालाजी तिच्याशी रोज फोनवर बोलायचा आणि दवाखान्याला 'कंपनी' म्हणायचा, म्हणजे पोरीला वाटावं बाप कामावर आहे.

एकदा मला म्हणाला, "काका, तुमी चर्चचे हाव म्हणं?"

"हो."

"ते पाळक आले की तुमाला पंच म्हणायलते. म्हंजी मोठंच काम असंल तुमचं. माझ्यासाठी बी एक म्हणा की."

मी म्हणालो, "मला आता नीट येत नाही रे."

"येत न्हाई कसं? तुमचं तर तेच काम हाय." तो हसत होता, पण मग हळूच म्हणाला, "म्हणा ओ. मला लई भ्याव वाटायलंय. अनितासमोर बोलता येत न्हाई."

मी डोळे मिटले. एव्हाना पापण्या नीट मिटायच्या. घोगऱ्या आवाजात म्हणालो, "देवा, बालाजीला चालव."

त्यानं एक डोळा उघडला. "झालं?"

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच येतं आता."

तो इतका हसला की सिस्टर बघायला आल्या. पण मला हसू आलं नाही. मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्या माणसासाठी मनापासून काही मागितलं होतं.

आणि तो चालला. खरंच चालला. काही दिवसांनी व्यायाम करून घेणाऱ्या मॅडमनी त्याला उभं केलं, आणि सकाळच्या वेळी वॉकर धरून तो खिडकीपर्यंत जाऊन परत आला. सगळ्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या. मीही माझ्या वाकड्या बोटांनी वाजवल्या. मला वाटलं, ऐकलं. त्यानं ऐकलं. इतक्या महिन्यांनी माझ्या 'आहेस का'चं उत्तर आलं, असं मला वाटलं. ते सुख मी विसरलेलो नाही.

बालाजी पलंगावर बसला. म्हणाला, "काका, दम लागायलाय." त्याचा चेहरा बघता बघता राखेसारखा झाला. मॅडम ओरडल्या. धावपळ झाली, पडदा ओढला. मी पडद्याच्या अलीकडे पडून सगळं ऐकलं. पायात साकळलेल्या रक्ताची गाठ फुप्फुसात गेली होती, असं नंतर कळलं. अनिता डबा घेऊन आली, तेव्हा पडदा अजून ओढलेलाच होता. ती आधी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, ह्यांला व्यायामाला नेलंय का?"

मला बोलता येत होतं. मी बोललो नाही. सिस्टर आल्या आणि तिला धरून बाजूला घेऊन गेल्या.

राग

त्यानंतर मी जेवण सोडलं. पाळकसाहेब आले, नेहमीसारखं शास्त्र उघडलं.

"आज काही वाचू नका," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आणि योजना म्हणू नका. त्याला चालवलं आणि मारलं. मी मागितलेलं तेवढं मोजून दिलं आणि वर मारलं. ही काय थट्टा आहे?"

त्यांनी पुस्तक मिटलं. मला वाटलं आता ते उठून जातील किंवा समजावतील. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि चादरीवरून माझं पाऊल धरलं. पावलाला अजून धड स्पर्श कळत नव्हता, पण हात दिसत होता. ते बसून राहिले. चहावाला येऊन गेला, भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली, सिस्टरनी दोनदा बघितलं. उठताना ते म्हणाले, "मलाही पुष्कळदा प्रार्थना येत नाही, साळवे. मंडळीसमोर उभा असतो आणि आत काही नसतं. तुम्ही खरं बोललात म्हणून मीही बोललो." त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच असा ऐकला. त्या दिवसापासून आमची खरी ओळख झाली.

मी मात्र दिवसचे दिवस देवावर रागावलेला होतो. नाही नाही ते बोललो त्याला. आणि त्या बोलण्याच्या मध्येच कधीतरी माझ्या लक्षात आलं की आता मी 'आहेस का' विचारत नाहीये. इतका राग कोणी रिकाम्या खोलीवर काढत नाही. आधीच्या शांत, नीटनेटक्या वर्षांत तो मला जेवढा खरा वाटला नव्हता, तेवढा या शिव्यांच्या दिवसांत वाटला. याला मी समाधान म्हणणार नाही. समाधान अजूनही नाही. पण पाठ फिरवून बसलेला माणूसही खोलीत असतोच, तसं ते होतं.

मी पुन्हा जेवायला लागलो.

घरी

मी घरी आलो. पूर्ण बरा झालो नाही. डावं पाऊल लोंबतं, त्याला पट्टी बांधून चालतो. बोटांत जोर नाही, मापं घ्यायचा मायक्रोमीटर धरता येत नाही, त्यामुळे चाकणची नोकरी सुटली. शर्टाची बटणं सुमन लावते. कधी कधी ती थकून चिडते, कधी मी. या आजारानं घरातल्या सगळ्यांचं काहीतरी नेलंय, आणि ते सगळं परत आलेलं नाही. ज्यांना सांगितलं जातं की माणूस घरी आलं की संपलं, त्यांनी एवढी तयारी ठेवावी.

रविवारी मी मंडळीत जातो, सुमनशेजारी मागच्या बाकावर बसतो. मोठी प्रार्थना आता दुसरे करतात. काही जणांना वाटतं आजारपणात माझा विश्वास थंडावला. रूथ मला गाडीवरून सोडते आणि बाहेर थांबते. मी तिला आत ये म्हणत नाही. आधीचा मी म्हणाला असता, वचनंही ऐकवली असती. आता एवढंच विचारतो, ऊन तर लागत नाही ना.

पुनावळे

अनिता पुनावळ्याची खोली सोडून कायमची गावाला चालली आहे, असं वॉर्डातल्या मावशींकडून कळलं. सुमन म्हणाली, जाऊन येऊ. मी टाळत होतो. शेवटी रिक्षा करून गेलो.

टॉवरांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. सामान बांधून झालेलं. मुलगी तिथंच होती, गाठोड्यावर बसून बिस्किट खात होती. अनितानं बसायला सतरंजी घातली. मला खाली बसता येत नाही हे बघून पाण्याचं पिंप उपडं घातलं. चहा केला.

मग ती म्हणाली, "ह्यांनी फोनवर सांगितलं होतं मला. हसायलते लई. शेजारच्या काकानं माझ्यासाठी एवढीशी प्रार्थना केली म्हणून."

"केली होती."

"मग? ऐकलं का तुमच्या देवानं?"

सुमननं माझ्याकडे बघितलं. मला ठाऊक होतं अशा वेळी काय काय बोलता येतं. तोंडपाठ होतं सगळं.

"नाही," मी म्हणालो. "नाही ऐकलं. का नाही, ते मला माहीत नाही."

अनिता माझ्याकडे बघत राहिली. "तरी बी म्हणताव का अजून?"

"म्हणतो."

"कशापायी?"

"दुसऱ्या कोणाकडे जाऊ?"

ती चुलीच्या बाजूला बघत होती. चुलीत काही नव्हतं, ती विझवलेली होती. मुलीनं बिस्किट संपवून हात आईच्या पदराला पुसले.

"बाकी सगळे येऊन काय न् काय सांगून गेले," अनिता म्हणाली. "त्याचं नशीब म्हणं. सुटला म्हणं." मग तिनं मुलीला ओढून मांडीवर घेतलं. "म्हणतच असाल तर हिचं बी नाव घेत जावा त्यात. श्रावणी."

रोज सकाळी सुमन माझ्या पावलाला पट्टी बांधते. त्या वेळात मी श्रावणीचं नाव घेतो. पुढे काय मागायचं ते मला अजून सुचत नाही. सुमन पट्टी बांधून झाली तरी लगेच उठत नाही. आम्ही दोघं तसेच बसून राहतो.